रात्रीचा बॅकअप आणि सकाळची रांग

अहवाल वर्षात काही आठवडे नोंदणी खिडकीवरील संगणक सकाळच्या वेळी अडत असत. केसपेपर उघडण्यास विलंब होई, मध्येच संपर्क तुटे, आणि मढी, करंजी येथून तिसगावला आलेल्या रुग्णांना व त्यांच्या आप्तेष्टांना तिष्ठत राहावे लागे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. देणगीदारांच्या पैशातून ही यंत्रणा उभी राहिली असल्याने कारण सांगणेही आमचे कर्तव्य आहे.

रुग्णांच्या नोंदी व एक्स-रेच्या प्रतिमा सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये असतात. मध्यरात्री त्यांची नक्कल, म्हणजेच बॅकअप, दुसऱ्या साठवण यंत्रावर घेतली जाते. ती पहाटेपूर्वी संपावयास हवी. परंतु ओपीडी सुरू झाली तरी ती चालूच राही. नक्कल करण्यात गुंतलेल्या सर्व्हरकडून ठरलेल्या अवधीत उत्तर आले नाही, की खिडकीवरील संगणक वाट पाहणे सोडून देई.

आमचा पहिला संशय जुन्या सर्व्हरवर होता. नव्याचे दरपत्रकही मागविले होते. सुदैवाने खरेदीपूर्वी दोन्ही यंत्रांमधील वेग मोजला गेला. दोष एका केबलमध्ये निघाला. तिच्यात आठ तारा असतात. १००० मेगाबिट वेगास आठही लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली तरी काम थांबतेच असे नाही, वेग मात्र दहापट घटू शकतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना हिशेबाने ते पटले: ४०० जीबीची नक्कल वरच्या वेगाने तासाभरात, तर खालच्या वेगाने सुमारे नऊ तासांत होते. केबल बदलली, नव्या सर्व्हरचा खर्च वाचला.

एक चूक मात्र नमूद केली पाहिजे. रांग हलावी म्हणून मधल्या काळात काही रात्री आम्ही बॅकअपच बंद ठेवला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील बराच कारभार अनेक दिवस हाताने चालवावा लागला. आमच्यावर त्या रात्रींत असे संकट आले असते, तर त्या दिवसांच्या नोंदी परत मिळाल्या नसत्या. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

आता बॅकअप किती वाजता संपला हे रोज सकाळी वहीत लिहिले जाते. महिन्यातून एकदा एक जुना केसपेपर त्या नकलेतून उघडून पाहतो. एक प्रत जोडणी काढून, कुलूपबंद कपाटात ठेवली जाते.