दुखण्याआधीची तपासणी

नारळी पौर्णिमेनंतर होडी दर्यात लोटायची, तर आपल्या अलिबाग-मुरूडकडचा तांडेल आधी काय करतो? होडी किनाऱ्यावर असतानाच फळी न् फळी पाहून घेतो. पाणी आत शिरेपर्यंत थांबत नाही. पण स्वतःच्या शरीराची गोष्ट निघाली, की आपण म्हणतो, "दुखत नाही ना? मग कशाला दवाखाना?"

कर्करोगाच्या बाबतीत हाच विचार घात करतो. कारण हा रोग सुरुवातीस बहुधा दुखतच नाही. श्रीवर्धनच्या सुपारीचा आपणांस अभिमान आहे. पण २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक ठरविली. सुपारी, तंबाखू, मशेरी यांच्या सवयीने गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा उठतो, कधी तोंड पुरते उघडत नाही. प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पण काहींचा पुढे होतो. कोणता, हे डॉक्टरच सांगू शकतील.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचेही तसेच. आधी तिथे बारीक बिघाड होतो, आणि त्याचा कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षे जातात. तीच आपली सवड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि हे काम शिकविलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. साधन काय, तर व्हिनेगरमध्ये असते तेच सौम्य आम्ल! ते लावले, की बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आज सरकारी आरोग्यसेवेत तिशी उलटलेल्यांसाठी तोंडाची, आणि स्त्रियांसाठी स्तनांची व गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी ठेवलेली आहे. गावच्या आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील. संशय आलाच, तर पुढील तपासणीस पाठवतात. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र तर आपल्या जिल्ह्यातच आहे.

बायांनो, एक दिवस मासळीबाजार बुडेल, लाजही वाटेल. पण वेळीच सापडलेल्या बिघाडाला छोटा उपचार पुरतो. उशीर झाला, तर घरदार विकूनही माणूस हाती लागेलच असे नाही.

गुरुजी आणि बाईंनो, पुढच्या पालकसभेत एवढे कराच. "तिशी उलटलेल्या किती जणांची तपासणी झाली?" असे विचारा. वर येणारे हात मोजा, आणि न आलेल्या हातांची नावे आशाताईंना कळवा.