काढ्यातील सजगता पातेल्यापासून सुरू होते

सर्दी-पडशाची चाहूल लागताच पातेले चुलीवर चढवायचे आणि आले, तुळस, मिरे, गवती चहा, जे हाताशी असेल ते त्यात टाकायचे, ही रीत भारतातील असंख्य घरांत आहे. मराठी घरात त्याला काढा म्हणतात, कर्नाटकात कषाय, तामिळनाडूत कुडिनीर आणि युनानी परंपरेत जोशांदा. केरळात सुंठ-गुळाची चुक्कू काप्पी पितात. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याची सूचना केली, तेव्हा या घरगुती उपायाला सरकारी शिफारशीचे वजन लाभले. अलीकडे असा पेला शांतपणे, लक्षपूर्वक पिण्याचा सल्लाही दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. मात्र लक्ष देण्याची खरी वेळ पेला ओठांना लागण्याच्या बरीच आधी येते.

वनस्पतीतील गुण पाण्यात उतरवण्याची एकच पद्धत आयुर्वेदाने कधी मानली नाही. शार्ङ्गधर संहितेत ताजा रस म्हणजे स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून आटवलेला क्वाथ, थंड पाण्यात रात्रभर भिजवलेले हिम आणि गरम पाण्यात मुरवलेला फांट असे पाच प्रकार सांगितले आहेत. घरोघरी मात्र सगळ्यांनाच उकळी फोडली जाते. तुळस, पुदिना, गवती चहा यांचा गंध ज्या तेलांमुळे येतो ती उडून जाणारी असतात. ही पाने पंधरा मिनिटे खळखळ उकळली की स्वयंपाकघर घमघमते आणि पातेल्यात कडवट पाणी उरते. अशा पानांसाठी फांटच योग्य: उकळते पाणी वर ओतावे, झाकण ठेवावे, पाच ते दहा मिनिटांनी गाळावे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही पेल्यातच झटकावेत. उलट मुळे, साली आणि खोडे कठीण असल्याने त्यांना मंद आच व वेळ लागतो. दोन्ही जिन्नस एकाच काढ्यात हवे असतील तर मुळे आधी उकळून, आच बंद केल्यावर पाने घालणे एवढेच करायचे असते. धण्यांसाठी तर आचेचीही गरज नाही; रात्री भिजवून सकाळी गाळलेले धण्याचे पाणी हे हिमच होय. लिंबू पिळायचे असल्यास पातेले स्टीलचे असावे. आंबट रस ॲल्युमिनियम वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये.

प्रमाणाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. शार्ङ्गधराच्या क्वाथात एक भाग औषधीला सोळा भाग पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे असते. म्हणजे १० ग्रॅम भरड, १६० मिलिलिटर पाणी आणि हाती उरतात २० मिलिलिटर. मंत्रालयाच्या ‘आयुष क्वाथ’ या मिश्रणात तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि मिरे एक भाग असते. त्याची ३ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात घ्यायची आहे. पाण्याशी औषधीचे प्रमाण कागदावर मोजले, तर पहिला द्रव दुसऱ्याच्या पंचवीस पट तीव्र ठरतो. मराठीत दोन्हींना काढाच म्हणतात. एक चमचाभर घ्यायचे औषध आहे, दुसरा पेलाभर पिण्याचा चहा. मूठभर औषधी टाकून, आटवून, पुन्हा पेला भरून पिणारा मनुष्य या दोहोंची गल्लत करतो.

या गल्लतीची किंमत काय असू शकते, याची चर्चा गुळवेलीमुळे देशभर झाली. महासाथीच्या काळात अनेक कुटुंबांनी गुळवेलीचा काढा महिनोन्महिने घेतला. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे शोधनिबंधात नोंदवले. पुढे देशातील विविध केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष फेटाळला. गुळवेल सुरक्षित असून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल अपायकारक असू शकते, असे मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. वैद्यकीय वर्तुळातील हा मतभेद मिटलेला नाही. घरी काढा करणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच जागी आणून सोडते: वेल कोणती, किती आणि किती दिवस, हे ठाऊक असल्याशिवाय ती उकळू नये. दोन्ही वेलींची पाने हृदयाकृती असतात. क्रिस्पाच्या खोडावर मात्र दाट, चामखिळीसारखे उंचवटे असतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे नावांचाही पेच असतो. गुळवेल इंदूरच्या बाजारात गिलोय, वडोदऱ्यात गळो, बेंगळुरूत अमृतबळ्ळी आणि हैदराबादेत तिप्पतीगा या नावाने मिळते. केवळ नाव उच्चारून सुटी काडी घेण्यापेक्षा वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापलेले बंद पाकीट घेणे केव्हाही शहाणपणाचे.

‘नैसर्गिक’ या शब्दाने बेफिकीर होऊ नये, अशी आणखी काही परिचित नावे आहेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. अडुळशातील वासिसिन गर्भाशयाला चेतवणारे असल्याने गर्भवतींनी तो टाळावा. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असते आणि त्याचा अतिरेक यकृताला सोसत नाही. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे सुरू असणाऱ्यांनी रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेले कोणतेही पेय देऊ नये.

एवढी खातरजमा झाल्यावर शांतपणे पिण्याला अर्थ येतो. गाळलेला फांट कोमट होईपर्यंत त्याचा वास घ्यावा, पहिला घोट गुळाशिवाय घ्यावा. कडू, तिखट, तुरट चव ही माहितीच असते: नेहमीपेक्षा फार कडू लागले तर प्रमाण चुकले किंवा जिन्नस बदलला. भरपूर गूळ घालून घाईने ढोसणाऱ्याला हे कळतच नाही. घोट घेताना घशाला आराम वाटतो की पोटात जळजळ होते, हेही पाहावे. मिरे आणि सुंठ पित्तप्रकृतीच्या माणसाला पटकन बाधतात. काढा रोज ताजा करावा, कालचा उरलेला गरम करून घेऊ नये.

काही दिवस काढा घेत असताना भूक मंदावली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी काढा थांबवून डॉक्टरांकडे जावे. घरगुती आहे म्हणून त्याचा उल्लेख गाळू नये. किती दिवस व किती घेतला ते सांगावे आणि उरलेली पुडी किंवा वेलीची काडी सोबत न्यावी.