परिवर्तक, नागरी पट्टा ग्राहीसाठी

नागरी पट्ट्याच्या (सिटिझन्स बँडच्या) संचावर हौशी रेडिओ केंद्रे ऐकण्यासाठी आकाशक (अँटेना) व संच यांच्यामध्ये जोडावयाचे, घरी तयार करता येणारे साधन. अमेरिकेत १९७७ पासून या पट्ट्यात २६·९६५ ते २७·४०५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतांच्या ४० वाहिन्या आहेत. हौशी केंद्रांचा ४० मी. पट्टा तेथे ७ ते ७·३ मेगॅहर्ट्‌झ आहे.

परिवर्तकात मेलित मंडल, मिश्रक व २० मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक आंदोलक असतो. मिश्रकात दोन्ही कंप्रतांची बेरीज होते. उदा., ७·१०५ मेगॅहर्ट्‌झचा संकेत २७·१०५ मेगॅहर्ट्‌झवर, म्हणजे १२ व्या वाहिनीवर येतो. दोन वाहिन्यांमधील केंद्रांसाठी आंदोलकाची कंप्रता किंचित बदलण्याची सोय ठेवतात. मेलित मंडलामुळे ४७ मेगॅहर्ट्‌झचा प्रतिमा-संकेत रोखला जातो. धातूच्या पेटीमुळे २७ मेगॅहर्ट्‌झच्या संकेतांचा थेट शिरकाव कमी होतो.

या पट्ट्यातील संभाषण बहुधा निम्न पार्श्वपट्टावर असल्याने संचात त्याच्या ग्रहणाची सोय लागते. केवळ परमप्रसर विरूपित संकेत घेणाऱ्या संचावर ते अस्पष्ट ऐकू येते. संच प्रेषकही असल्याने चुकून कळ दाबल्यास सु. ४ वॉट शक्ती परिवर्तकात शिरून मिश्रक जळू शकतो. म्हणून परिवर्तक जोडण्यापूर्वी ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) काढून ठेवणे आवश्यक असते.