शिळेवर उमटलेली मुंबई

ब्रिटिशांची मुंबई म्हटली की व्हीटी स्टेशन, राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या गॉथिक कमानी डोळ्यांपुढे येतात. पण हे सगळं १८६० नंतरचं. त्याआधी कोटाच्या आत एक वेगळंच शहर नांदत होतं. ते पाहायचं तर फोटोंचा फारसा उपयोग नाही. आधार उरतो तो छापील चित्रांचा.

या चित्रांची परंपरा कलकत्त्यात रुजली. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ ते ८८ दरम्यान तिथे शहराची बारा चित्रं छापली. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरायची, तो आम्लात बुडवून कमीअधिक खाऊ द्यायचा, ठसा घ्यायचा आणि मग हाताने रंग भरायचे. मदतीला देशी कारागीर होते, तरी चित्रकारापासून छापखान्याच्या पोऱ्यापर्यंत सगळं आपल्यालाच व्हावं लागलं, अशी तक्रार थॉमसने एका पत्रात केली आहे. या मेहनतीचं मोल आज कळतं. त्यांनी टिपलेलं जुनं कोर्ट हाउस १७९२ मध्ये पाडलं गेलं. रायटर्स बिल्डिंगजवळचा हॉलवेलचा स्मारकस्तंभ १८२१ मध्ये हटवला गेला. कागदावर दोन्ही जागच्या जागी आहेत.

मुंबईच्या वाट्याला जेम्स वेल्स आला. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं रंगवणारा हाच तो स्कॉटिश चित्रकार. १७९५ मध्ये तो वारला आणि मुंबई परिसराची त्याची बारा दृश्यं १८०० मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. देखणी आहेत, पण त्यांतली मुंबई बहुतेक टेकडीवरून नाहीतर खाडीपलीकडून दिसते. गल्लीत पाय पडत नाही.

तो पडतो जोसे गोन्साल्विस यांच्या चित्रांत. गोमंतकीय वंशाचे मानले जाणारे हे चित्रकार मुंबईत शिळाछापाचं तंत्र हाताळणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. त्यांची मुंबईची दृश्यं १८२६ मध्ये इथेच छापून निघाली. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई तेलकट रेघांना धरते, ओल्या दगडाला नाही. ठसा उलटा उमटतो, म्हणून थेट दगडावर रेखाटणाऱ्याला अख्खा रस्ता डावा-उजवा फिरवून काढावा लागे. कोटातले रस्ते आणि त्यांच्या कडेच्या युरोपीय घाटाच्या इमारती हा त्यांचा खास विषय.

१८२६ ची मुंबई मनाशी मांडून पाहावी. आजची एशियाटिक, म्हणजे टाउन हॉल, अजून बांधून व्हायचा होता. तो १८३३ मध्ये पुरा झाला. हॉर्निमन सर्कलच्या जागी ‘बॉम्बे ग्रीन’चं मोकळं मैदान होतं. १७१८ च्या नाताळात उघडलेलं सेंट थॉमस चर्च होतं, पण त्याचा आजचा मनोरा नव्हता; तो १८३७ मध्ये कॅथीड्रलचा मान मिळाल्यावर चढला. तटबंदी तर १८६० च्या दशकापर्यंत उभीच होती. फोर्टातल्या एखाद्या जुन्या चित्रावर तारीख नसेल, तर आधी हा मनोरा शोधावा; निम्मं काम तिथेच होतं.

अशी चित्रं साहेबलोक मायदेशी धाडायला घेत. पण शिळाछापाचं तंत्र साहेबांपाशीच अडून राहिलं नाही. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावरच मराठी पंचांग छापलं आणि मागोमाग पोथ्याही शिळेवर चढल्या.