आठ अंश

ऑपरेशनच्या आधी भाचीला स्टुलावर ताठ बसवलं होतं. हनुवटी मशीनच्या पट्टीवर, कपाळ टेकलेलं. "लांब बघ, मान अजिबात तिरकी नको," म्हणत डॉक्टर मॅडमनी प्रकाशाची बारीक आडवी रेघ डोळ्यावर पाडली. रेघ बुबुळाच्या कडेला जिथे टेकत होती तिथे, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, जांभळ्या शाईचे दोन ठिपके दिले.

"हे आत टेबलावर नाही करता येणार?" मी विचारलं.

"आडवं झालं की डोळा खोबणीत थोडा फिरतो. आपल्याला कळत नाही, पण दोन-चार अंश सहज. आमचं सगळं काम अंशांचंच."

भाचीचा नंबर उणे 9, वर सिलिंडर उणे अडीच. पारपटल पातळ, त्यामुळे लेझरला नकार मिळालेला. म्हणून तिच्या नैसर्गिक भिंगाला हात न लावता, त्याच्या पुढे आणि बाहुलीच्या पडद्यामागे एक लेन्स कायमची बसवायची: टोरिक आयसीएल.

साध्या उणे नंबराची काच गोल फिरवली तरी काही बिघडत नाही. सिलिंडरला मात्र दिशा असते, कारण पारपटलाचा उभा बाक वेगळा आणि आडवा वेगळा. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या डाव्या डोळ्याला हेच दुखणं होतं. प्रकाशाचा ठिपका त्याला रेघेसारखा ओढलेला दिसे. त्याने स्वतःच गणित मांडलं आणि 1825च्या सुमारास इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून त्या मापाची काच घासून घेतली. चष्म्यात ही काच फ्रेम सांभाळते. डोळ्याच्या आत फ्रेम कुठली?

बाहेरच्या स्क्रीनवर आम्हाला आतलं दिसत होतं. मॅडम डोक्याशी न बसता कानाच्या बाजूला बसल्या होत्या. भिंतीवर चिकटवलेला कागद सिस्टरने मोठ्याने वाचला: "डावा डोळा, घड्याळाच्या दिशेने आठ अंश." मॅडमनी तो परत वाचून घेतला. लेन्स प्रत्येक डोळ्याच्या मापाने मागवलेली असते; ती आडवी ठेवून किती वळवायची, याचा नकाशा तिच्याबरोबर येतो.

भूल थेंबांचीच. कडेला सुमारे 3 मिलिमीटरचा छेद, आत जेल. नळीत गुंडाळलेली लेन्स आत सरकली आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखी सावकाश फुलू लागली. मॅडम थांबल्या. लेन्सच्या पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या पायावरची बारीक भोकं दिसेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. ती उलट बाजूंना दिसली, तर लेन्स पालथी पडली समजायचं. मग बोथट सळईने एकेक पाय पडद्याखाली सारला. चारही पाय गेल्यावर लेन्सवरच्या दोन खुणा जांभळ्या ठिपक्यांशी ताडून पाहिल्या आणि हलकेच ढकललं. स्क्रीनवर काही हललंसंही वाटलं नाही. जेल धुऊन काढल्यावर कोन पुन्हा तपासला.

इतका काटेकोरपणा कशासाठी, ते नंतर चहा घेताना कळलं. 10 अंश चुकले तर सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा तसाच राहतो. 30 अंश चुकले तर सगळाच राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. टाका नाही, डिंक नाही. लेन्स तिच्या पायांवर तोललेली. आखूड पडली तर ती फिरू शकते आणि तिच्या व नैसर्गिक भिंगातलं अंतर कमी होऊन मोतीबिंदूची भीती. लांब पडली तर पडदा पुढे रेटला जाऊन डोळ्यातलं पाणी निचरण्याची वाट अडते. म्हणून आधी डोळ्याची मापं पुन्हापुन्हा घेतली होती. लेन्सच्या मधोमध 0.36 मिलिमीटरचं छिद्र असतं, पाणी खेळतं ठेवायला. ते नव्हतं तेव्हा पडद्यालाच लेझरने भोकं पाडावी लागत.

दुसऱ्या दिवशी भाचीने पट्टीशिवाय तक्ता शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला. आम्ही खूश. मॅडमना मात्र तक्त्यापेक्षा मशीनचं पडलेलं. लेन्स आणि नैसर्गिक भिंगामधलं अंतर 480 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, हवं तेवढंच. मग बाहुली मोठी करून त्यांनी प्रकाशाची रेघ लेन्सच्या खुणांवरून जाईपर्यंत फिरवली आणि बाजूची पट्टी वाचली.

"आठ. हललेली नाही."

डाव्या डोळ्यातले ठिपके एव्हाना अश्रूंनी धुऊन नेले होते. मॅडमनी उजव्यासाठी पेन मागितलं.

"ताठ बस. लांब बघ."