महामहम आणि पायऱ्यांची रुंदी

नाशिकचा सिंहस्थ जवळ येऊ लागला की घाट, वाहनतळ, साधुग्राम यांच्या बातम्यांनी पानं भरतात. गुरू ग्रहाच्या ज्या भ्रमणावर सिंहस्थ ठरतो, त्यावरच आणखी एक मोठं पर्व ठरतं, पण मराठी वाचकाला ते क्वचितच ठाऊक असतं. ते म्हणजे तमिळनाडूत, जुन्या तंजावर राज्यातल्या कुंभकोणमचं महामहम. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात. तो सिंह राशीत आला की गोदावरीवर सिंहस्थ भरतो आणि त्याच मुक्कामात, तमिळ मासी महिन्यात चंद्र मघा नक्षत्रात आला की कुंभकोणमच्या तलावात लाखो लोक उतरतात. नाशिकला २००३ आणि २०१५, तर कुंभकोणमला २००४ आणि २०१६. गर्दी नेमकी कधी येणार हे इतकी वर्षं आधी कळणं, ही नियोजनकारांना मिळालेली केवढी मोठी सवलत आहे!

तरीही दोन्ही शहरांनी माणसं गमावली. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी मुख्यमंत्री जयललिता महामहम तलावावर स्नानाला आल्या, लोक त्यांना पाहायला लोटले आणि चाळीसहून अधिक जीव गेले. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ जण मरण पावले. अशा वेळी ‘लोक बेभान झाले’ असं सांगितलं जातं. विज्ञान मात्र बहुतेक वेळा वेगळंच सांगतं.

इथे जॉन फ्रुइन या माणसाची आठवण काढायलाच हवी. न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीतला हा अभियंता. ‘डिझाइन थिंकिंग’च्या कार्यशाळांमध्ये वापरणाऱ्यापासून सुरुवात करा असं हल्ली सतत सांगतात, पण फ्रुइनचं नाव तिथे सहसा निघत नाही. त्याने १९७१च्या पुस्तकात अक्षरशः माणसाच्या देहापासून सुरुवात केली होती. वरून पाहिलं तर उभा माणूस १८ इंच बाय २४ इंचांच्या लंबवर्तुळात मावतो, आणि स्थानकं, जिने, फलाट यांची मापं त्या लंबवर्तुळावरून काढायची. पुढे १९९३ साली त्याने गर्दीतल्या दुर्घटनांची कारणं चार शब्दांत बांधली: दाब, माहिती, जागा आणि वेळ.

यातला ‘माहिती’ हा शब्द सर्वांत मोलाचा. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही. त्याला फक्त थोडी हालचाल जाणवते आणि तो अर्धं पाऊल पुढे सरकतो. तो निर्दयी नसतो, घाबरलेलाही नसतो. चौरस मीटरमध्ये सातेक माणसं झाली की कुणाचंच पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही. गर्दीतून धक्क्याच्या लाटा जातात. अशा घटनांनंतर वाकलेले पोलादी कठडे पाहून फ्रुइनने दाबाचा अंदाज बांधला: ४५०० न्यूटनहून जास्त, म्हणजे साडेचारशे किलोंच्या वजनाएवढा. बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने मरतात, कित्येकदा उभ्या-उभ्याच.

आता महामहम तलावाचं गणित करून पाहू. क्षेत्रफळ ६.२ एकर, म्हणजे सुमारे २५,००० चौरस मीटर. भोवती गोविंद दीक्षित या नायक राजांच्या मंत्र्याने बांधलेले १६ मंडप आणि पायऱ्या. एका वेळी लाखभर माणसं आत आली तर चौरस मीटरला चार, म्हणजे आधीच दाटी. पण खरी मर्यादा पायऱ्यांची आहे. ब्रिटनमधल्या क्रीडामैदानांच्या सुरक्षा-पुस्तिकेत एक मीटर रुंदीतून मिनिटाला सपाट जागी ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसं धरतात. दहा मीटर रुंद पायऱ्यांवरून तासाला सुमारे चाळीस हजार. दहा लाखांना पंचवीस तास! ओल्या कपड्यांतली आजी आणि कडेवरचं मूल धरलं तर याहूनही जास्त. मुहूर्त मात्र काही तासांचा.

म्हणून उपाय तलावाच्या काठावर सापडत नाही. तो किलोमीटरभर आधी असतो, जिथे माणसाला सुखाने थांबवता येतं आणि का थांबवलं ते सांगता येतं. नाशिकने २०१५ मध्ये रामकुंडावरचा भार कमी करायला इतर घाट पुढे आणले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त इतका कडक झाला की लोकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं. टीका झाली आणि १३ सप्टेंबरला निर्बंध सैल केले गेले. पंधरा दिवसांत चूक दुरुस्त करणं, हे सेवेच्या रचनेचं फार चांगलं उदाहरण आहे, आणि त्याचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. त्याच काळात मूळचे नाशिकचे संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कुंभथॉन’ या नवकल्पनांच्या उपक्रमातून पावलं मोजणारी दाबसंवेदी चटई पुढे आली, तीही शाळकरी वयाच्या मुलांच्या हातून. यंत्र छान आहे. पण मोजलेला आकडा ज्याच्या हातात पडतो, त्याला मागचा दरवाजा बंद करायचा अधिकार नसेल तर चटई नुसती मोजत राहील. कॅमेरे आणि ‘एआय’च्या जाहिरातींत हा अधिकाराचा प्रश्न येतच नाही.

काठापेक्षा आधीची वाट महत्त्वाची, हे हज यात्रेतही दिसलं. मक्केजवळच्या मिना इथे जानेवारी २००६ मध्ये साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू दगावले. त्यानंतर, खडे मारण्याचा विधी होतो तो जमारातचा पूल बहुमजली आणि एकेरी वाहतुकीचा केला गेला. २०१५ मध्ये तिथेच पुन्हा मोठी दुर्घटना घडली, पण पुलावर नाही, तर पुलाकडे येणाऱ्या दोन रस्त्यांच्या जोडावर. पुढचं महामहम २०२८ मध्ये आहे. म्हणून फक्त तलाव नव्हे, तर कुंभकोणमचं रेल्वे स्थानक, बसस्थानक आणि तलाव यांच्यामधली प्रत्येक गल्ली त्याआधी टेपने मोजून एकाच नकाशावर यायला हवी.