माशाची कसोटी माणसास पुरते काय?

आमटीला फोडणी दिली म्हणजे मिरचीचा लाल रंग खालच्या पाण्यांत फारसा न राहतां वरच्या तेलाच्या तवंगांत जाऊन बसतो. कांहीं कृत्रिम रसायनेंही अशींच पाणी सोडून चरबीचा आश्रय घेतात. आणि शरीरास त्यांचें विघटन करतां आलें नाहीं, तर तीं तेथें सांचत राहतात.

याचा प्रत्यय कॅलिफोर्नियांतील क्लिअर लेक या सरोवरावर आला. तेथील चिलटांच्या नाशासाठीं १९४९, १९५४ व १९५७ सालीं डीडीटीच्याच कुळांतील डीडीडी हें द्रव्य पाण्यांत सोडण्यांत आलें. पुढील दोन वेळां त्याचें प्रमाण पांच कोटी भाग पाण्यास एक भाग एवढेंच होतें. परंतु सूक्ष्म जीवांतून माशांत आणि माशांतून ते खाणाऱ्या पाणडुब्यांत तें वाढत गेलें. मेलेल्या पाणडुब्यांच्या चरबींत तें दहा लक्ष भागांत १६०० भाग, म्हणजे पाण्यांतल्याच्या ऐंशी हजार पट, आढळलें.

असा अनर्थ होण्यापूर्वींच घातक रसायन ओळखतां यावें म्हणून शास्त्रज्ञांनीं एक चाळणी योजिली. चरबीच्या जागीं ऑक्टेनॉल नांवाचा तेलकट द्रव घ्यावयाचा, तो पाण्याबरोबर घुसळावयाचा, आणि रसायन कोणत्या थरांत किती गेलें तें मोजावयाचें. २००१ सालच्या स्टॉकहोम करारानें मर्यादाही ठरविल्या : जलचराच्या शरीरांतील प्रमाण पाण्याच्या पांच हजार पटींहून अधिक भरलें, किंवा तशी माहिती नसल्यास ऑक्टेनॉलमधील प्रमाण एक लक्ष पटींहून अधिक भरलें, तर रसायन संशयित समजावें.

या मोजमापामागें एक गृहीत दडलेलें आहे. जें माशांत सांचत नाहीं तें इतरांतही सांचणार नाहीं, असें तें गृहीत होय. वस्तुतः माशाचे कल्ले अहोरात्र पाण्यानें धुतले जातात. पाण्यांत थोडेंफार विरघळणारें द्रव्य त्यांवाटे निघून जातें. हवेंत श्वास घेणाऱ्या प्राण्यास ही सोय नाहीं. जें द्रव्य सहजीं वायुरूप होत नाहीं, तें उच्छ्वासाबरोबर बाहेर कसें पडणार?

२००७ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं हा भेद स्पष्ट केला. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत दगडफुलाच्या जातीचें शैवाक कॅरिबू हरिण खातें आणि हरणास लांडगा खातो. या साखळींत बीटा-एचसीएच हें द्रव्य पायरीपायरीनें वाढतें. माशांत मात्र तें तसें वाढत नाहीं. हें द्रव्य आपल्याकडे अपरिचित नाहीं. भारतांत १९९७ सालीं बंदी येईपर्यंत शेतांतून फवारल्या जाणाऱ्या बीएचसी पावडरींत तें असे.

२००९ सालीं बीटा-एचसीएच स्टॉकहोम करारांत समाविष्ट झालें, कारण तो करार इतर प्राण्यांतील पुरावाही ग्राह्य मानतो. परंतु असा पुरावा मिळतो तो द्रव्य शरीरांत शिरल्यावर. आणि मातेच्या चरबींत सांचलेलें द्रव्य दुधावाटे अर्भकापर्यंत पोंचतें. म्हणून नव्या रसायनाची परीक्षा करतांना तें पाण्यांत किती राहतें याबरोबरच हवेंत किती जातें, हेंही आरंभींच पाहिलें पाहिजे. चाळणी माशाच्या मापाची असेल, तर माणसाच्या वाट्याचें विष तिच्यांतून सुखेनैव गळून जाईल.